चुना वेचणाऱ्याकडून चुना लावणाऱ्यास

कळंब, जि. धाराशिव
सर्वपित्री अमावास्या

चि. सॉफ्टवेअरसम्राटास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र चारचौघांत लिहितोय म्हणून रागावू नकोस. तुझं नाव लिहिणार नाही, दुकानाचं लिहिणार नाही, दुकान कोणत्या रस्त्याला आहे तेही नाही. कळंबात याचा उपयोग किती, ते तुलाही ठाऊक आहे. इथं नाव झाकलं की माणूस जास्त उठून दिसतो.

सातवीत तू माझ्या वर्गात होतास. शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घाची तुला कधीच अडचण झाली नाही, कारण दोन्ही तू पाळत नव्हतास. पुढं तू दुकान टाकलंस, फोनात 'सॉफ्टवेअर मारायला' लागलास, आणि मला अभिमान वाटला. आपला विद्यार्थी निदान काहीतरी मारतोय, माशा नव्हे.

दोष आधी माझा सांगतो, म्हणजे तुझा सांगताना हात मोकळा राहील. माझ्या फोनचं पोट भरलं होतं. कंपनीनंच आतून भरून दिलेली ॲपं: एक खेळ, दोन दुकानं, एक बातम्यांचं, जे पहाटे चारला उठून जाहिरात दाखवायचं. काढायला गेलं तर निघत नाहीत. घर भाड्यानं घ्यावं आणि मालकाचे पाहुणे ओसरीवर पथारी टाकून बसलेले असावेत, तसं. मी तुला विचारलं, हे हाकलता येतील का? तू म्हणालास, "रूट मारू की सर. मग मालक तुम्हीच."

रूट म्हणजे मूळ, एवढं मला कळलं. मुळाला जोडून व्याध येते, हे मराठीच्या मास्तरला तरी सुचायला हवं होतं.

तू म्हणालास ते खोटं नव्हतं, हे नंतर वाचल्यावर कळलं. अँड्रॉइडच्या बुडाशी लिनक्स आहे, आणि लिनक्समध्ये रूट म्हणजे ज्याला कुणी अडवू शकत नाही असा वापरकर्ता. आपण आपल्याच फोनात कूळ असतो, रूट झालं की पाटील. मौज म्हणजे अँड्रॉइडच्या पहिल्याच फोनात ही पाटीलकी फुकट वाटली गेली होती. २००८ साली अमेरिकेत निघालेल्या त्या जी-१ फोनात एक चूक राहून गेली होती: तुम्ही काहीही टाइप करा, ते गुपचूप रूटच्या हुकमासारखं चालायचं. एका गड्यानं फोन बंद करून नुकताच चालू केला होता. उत्तर का देत नाहीस असं मैत्रिणीनं विचारलं, म्हणून त्यानं एकच शब्द लिहिला, 'रीबूट'. आणि फोन खरंच पुन्हा बंद होऊन चालू झाला. कंपनीनं घाईनं अपडेट पाठवून ते भोक बुजवलं. म्हणजे बघ, रूट आणि अपडेट यांची भाऊबंदकी पहिल्या दिवसापासूनची आहे.

पण तुला इतिहास नको असतो. तुला 'प्रोसेस' हवी असते.

ती तू केलीस, आणि पहिल्या वेळी चोख केलीस, हे लिहिलंच पाहिजे. बूटलोडरचं कुलूप उघडलं की फोन कोरा होतो, हे तू आधी सांगितलंस. सगळे फोटो, सगळी रेकॉर्डिंगं तुझ्या दुकानातल्या संगणकावर उतरवून घेतलीस आणि काम झाल्यावर परत भरलीस. मूळ रिकव्हरी, म्हणजे अपडेट बसवणारा फोनचा आतला भाग, काढून टीडब्ल्यूआरपी नावाची परकी रिकव्हरी बसवलीस, मॅजिस्क टाकलंस, ओसरीवरचे पाहुणे बखोट धरून बाहेर काढलेस. फोन चालू करताना दर वेळी एक इशारा यायला लागला, की या फोनचं कुलूप उघडं आहे, आतल्या गोष्टींची खात्री नाही. मी विचारलं तर म्हणालास, "ते पाच सेकंद दिसतंय सर. वाचायचं नसतंय."

पस्तीस वर्षं मुलांना वाचायला लावलेल्या माणसाला तू हे सांगितलंस.

बँकेचं ॲप उघडेना, तेव्हा त्याच्यापासून रूट लपवायची युक्तीही केलीस. ते मॅजिस्क कुणाचं, विचारलं होतं मी. तुला माहीत नव्हतं. जॉन वू नावाच्या तैवानच्या विद्यार्थ्याचं. २०१६ मध्ये त्यानं ते काढलं. फोनच्या मूळ सिस्टीमला हात न लावता, फक्त सुरू होण्याच्या भागात बदल करून रूट मिळवायची त्याची तऱ्हा. पुढं २०२१ मध्ये गूगलनं त्याला अँड्रॉइडच्या सुरक्षेच्याच कामावर घेतलं. कुलूप उघडणाऱ्याला कुलपाच्या कारखान्यात नोकरी! तुलाही बोलावतील, पण त्याच्याइतकं लिहून ठेवायची सवय लागली तर. आपल्या वस्तूसोबत त्यानं स्वच्छ लिहून ठेवलंय की अधिकृत अपडेट आला तर आधी काय करायचं. ते पुढं सांगतो.

चार महिने सुखाचे गेले. मग भाद्रपदात, सोयाबीनची ई-पीक पाहणी करायची राहिलेली असताना, फोनवर घंटा वाजली: 'सिस्टीम अपडेट'. जुना फोन, कंपनीला अचानक आठवण आली. मी तुला फोन लावला. मागं मिरवणुकीचा बँजो वाजत होता. तू ओरडून म्हणालास, "मारा की सर! कंपनीचंच हाय, अधिकृत हाय. काहीच होत नसतंय."

या 'काहीच होत नसतंय'वर थोडं थांबू.

अधिकृत अपडेट म्हणजे तुला वाटतं तसं नवं पुस्तक नव्हे. बहुतेक वेळा ते शुद्धिपत्र असतं. 'पान ४२, ओळ ७, अमुकऐवजी तमुक वाचावे.' कंपनी फक्त फरक पाठवते, म्हणजे डाउनलोड लहान होतं. पण शुद्धिपत्र कधी लागू पडतं? आपल्या हातातली प्रत छापखान्यातून निघाली तशीच असेल तर. तू मधली बारा पानं फाडलीस आणि मुखपृष्ठ बदललंस, तर पान ४२ कुठं शोधायचं त्यानं?

अँड्रॉइडची पाचवी आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २०१४ पर्यंत, हे शुद्धिपत्र एकेक फाइल बघून चालायचं. त्यानंतर अख्खा सिस्टीमचा कप्पा एकच ठोकळा मानून तपासायला लागले. एक कण हलला तरी नकार. इतकं कडक की काही न लिहिता, नुसता कप्पा 'लिहिण्यासाठी' म्हणून उघडून बंद केला तरी त्या उघडण्याची खूण उमटते आणि तपासणी नापास होते. त्यामागं हेतू चांगला आहे. चुकीच्या प्रतीवर दुरुस्ती चढवून फोन निकामी करण्यापेक्षा हात जोडून परत गेलेलं बरं. आपल्या जिल्ह्याचंच घे. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, अधिकृत अपडेट. पण जुने दाखले, जुने शिक्के, कपाटातल्या फायली अजून पहिल्याच नावानं बसल्यात, आणि खिडकीवरचा कारकून दोन्ही ताडून बघितल्याशिवाय कागद घेत नाही. तो आपल्याला खडूस वाटतो, फोनातला त्याचा भाऊ त्याहून खडूस.

हल्लीच्या पुष्कळ फोनांत दोन बैलांची सोय असते. २०१६ च्या पिक्सेलपासून ती आली. सिस्टीमच्या दोन प्रती. एक बैल औताला असताना दुसऱ्याला नाल मारतात, आणि पुढच्या वेळी फोन चालू केला की दुसरा जुंपतात. नाल नीट बसली नाही तर पहिला आहेच. अशा फोनात जॉन वूची पद्धत फार सोपी: मॅजिस्कमध्ये जाऊन मूळ प्रतिमा परत बसव, अपडेट उतरू दे, आणि फोन पुन्हा सुरू करायच्या आधी दुसऱ्या बैलाला मॅजिस्क घाल. मात्र सिस्टीमला हात लावलेला नसावा. माझा फोन जुना, एकबैली. त्याला मूळ रिकव्हरी आणि मूळ बूट परत बसवायला हवं होतं, आणि तू पानं फाडलेली असल्यामुळं शुद्धिपत्र न घेता पूर्ण पुस्तकच घ्यायला हवं होतं. फार तर अर्ध्या तासाचं काम. मिरवणूक संपेपर्यंत थांबा, एवढं म्हणाला असतास तरी झालं असतं.

मी मारलं. फोन बंद झाला, चालू झाला, आणि तुझ्या त्या परक्या रिकव्हरीत जाऊन उभा राहिला. बंद केला, परत तिथंच. तीनदा, चारदा. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडं आणला तेव्हा तू कपाळाला आठ्या घालून माझ्याकडं बघितलंस आणि विचारलंस, "काय केलं सर तुम्ही?"

हे वाक्य मी फ्रेम करून लावणार आहे.

मग तू निदान केलंस: फोन डेड. आणि गिऱ्हाइकांपुढं जाहीर केलंस, "अपडेटनं खाल्लं सरांचं."

बाळा, फोन डेड नव्हता. इथंच माझं तुझ्याशी भांडण आहे, रूटवरून नव्हे. अपडेट बसवायची वेळ आली की फोन स्वतःच्या एका छोट्या कप्प्यात चिठ्ठी लिहून ठेवतो, 'आता रिकव्हरीत जा'. काम उरकलं की मूळ रिकव्हरी ती चिठ्ठी पुसते. तुझ्या रिकव्हरीला ना ते काम जमलं, ना तिनं चिठ्ठी पुसली. म्हणून बिचारा फोन दर वेळी चिठ्ठी वाचून आज्ञाधारकपणे तिथंच जात होता. केबल लावून तो कप्पा तेवढा पुसला असतास, तर फोन जसाच्या तसा उठला असता. अपडेटनं एक अक्षरही खाल्लं नव्हतं. त्यानं प्रत तपासायचीही वेळ आली नव्हती. आत सगळं शाबूत होतं. फोनला फिट आली होती, तू अग्नी दिलास.

आणि अग्नी देतानाही वाचलं नाहीस. पूर्ण सॉफ्टवेअर मारायच्या त्या खिडकीत तळाशी तीन पर्याय असतात: सगळं पुसा, माहिती राखून ठेवा, सगळं पुसून कुलूप लावा. तिसऱ्यावर आधीच टिंब होतं. तू टिंब हलवलं नाहीस. अनुस्वाराचं महत्त्व तुला मी सातवीत सांगितलं होतं, तेव्हाही तू खिडकीबाहेरच बघत होतास.

दहा मिनिटांत फोन हातात दिलास. नवा कोरा. ओसरीवरचे पाहुणेही परत आले होते, सगळे, वेळेवर. मी विचारलं, फोटो? तू म्हणालास, "गूगलला असतील की." नव्हते. दुकानातल्या संगणकावरची मागची प्रत? "पीसी फॉरमॅट मारला सर, गणपतीच्या आधी."

काय गेलं ते एकदा ऐकून घे. येरमाळ्याच्या येडाईच्या चैत्री यात्रेत पालखी आमराईत जाते, आणि लोक रानात चुनखडीचे खडे वेचतात. चुना वेचणं. चार वर्षांचे ते फोटो होते, आमच्या घरातल्या वेगवेगळ्या पिढ्यांतल्या तिघींचे वाकलेले हात एका चौकटीत. आम्ही वेचला, तू लावलास. शिवाय आत्याच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, एकूण एकोणचाळीस रेकॉर्डिंगं. जातं नव्हतंच, ती खाटेवर बसून हातानं गोल फिरवायची हवेत, आणि मगच तिला पुढची ओळ आठवायची. आज तिचं पान वाढलं. कावळा लगेच शिवला. तिला कुणावर राग धरता यायचा नाही, ते काम मी करतोय.

लातूरला एका डेटा रिकव्हरीवाल्याकडं गेलो होतो. त्यानं पैसे घेतले नाहीत, एवढ्यावरून मी समजलो. म्हणाला, आजकाल फोनातली माहिती गुंतवून, कूटबद्ध करून ठेवलेली असते. फोन पुसताना आधी किल्लीच नष्ट होते. मागं उरतात ती अक्षरं नव्हेत, राख.

तुझ्यासारखा तू एकटा नाहीस, हे तुझ्या समाधानासाठी सांगतो. २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रोवाल्यांनी नवं सॉफ्टवेअर नको म्हणून जुनं परत मारलं, तर आत आलेल्या मागं-न-फिरण्याच्या कुलपानं कितीतरी फोन दगड करून टाकले. कंपनीच्या परवानगीशिवाय उठेनात. अशा फोनाला इंग्रजीत वीट म्हणतात. पुंडलिकानं फेकलेल्या विटेवर निदान कुणी उभं तरी राहिलं.

हे सगळं कुठून कळलं म्हणशील, तर तीन आठवडे बसलो. नात अकरावीला आहे, तिनं इंग्रजी वाचून दाखवलं, मी वहीत उतरवून घेतलं. वही तुला देणार आहे. तुला निळ्या शाईचा कंटाळा म्हणून महत्त्वाचं लाल शाईनं लिहिलंय.

आणि ई-पीक पाहणी? त्या दहा मिनिटांआधी फोन तुझ्याकडं नऊ दिवस पडून होता. शेजारच्या पोराच्या फोनवरून केली. त्याचा फोन रूट नाही, स्क्रीनला तडा आहे, आणि पडद्यावर जे येईल ते तो दोनदा मोठ्यानं वाचतो. माझ्याच वर्गातला. तुझ्या मागच्या बाकावरचा.

कळावे.

तुझे,
मराठीचे सर

ता. क. फोन उद्या नातीबरोबर पाठवतोय. स्क्रीनगार्ड बसवायचा आहे. फक्त स्क्रीनगार्ड. कालपासून त्यावर पुन्हा घंटा वाजतेय, अपडेटची. मी 'नंतर' दाबलंय. तू काहीही दाबू नकोस.