देणगीवर संसार: नवशिक्या प्रोग्रामरसाठी मार्गदर्शन

अभिनंदन! तुम्ही एक सॉफ्टवेअर लिहिलंत, त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केलात आणि आता लोकांच्या खुशीच्या देणग्यांवर घर चालवायचं ठरवलंत. घरी अजून सांगितलं नसेल तर इतक्यात सांगू नका. आधी हे वाचून घ्या.

लागणारं साहित्य: एक लॅपटॉप, गिटहब स्पॉन्सर्स, पॅट्रिऑन, लिबरापे किंवा ओपन कलेक्टिव्ह अशा देणग्या घेणाऱ्या साइटवर एक खातं आणि कायम नोकरीतला जोडीदार. जोडीदार नसेल तर स्वतःची नोकरी चालेल.

पहिला प्रश्न, लिहायचं काय? इथे बहुतेक नवशिके फसतात. ते उपयोगी सॉफ्टवेअर लिहितात. ओपनएसएसएलचं उदाहरण घ्या. ब्राउझरमध्ये कुलूप दिसतं, त्यामागची गुप्त बोलणी असंख्य सर्व्हरवर हेच सॉफ्टवेअर सांभाळतं. 2014 पर्यंत या प्रकल्पाला निव्वळ देणग्यांतून वर्षाला साधारण 2,000 डॉलर मिळत. पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. बाकीचा खर्च कंपन्यांची सल्लागारीची कामं करून निघायचा. म्हणजे अर्ध्या जगाचे पासवर्ड सांभाळायचे आणि पोटासाठी दुसरीकडे राबायचं. चांगलं चाललेलं सॉफ्टवेअर दिसत नाही, आणि न दिसणाऱ्याला कुणी पैसे देत नाही. तेव्हा शक्यतो बटणं, रंग आणि एखादा गोंडस प्राणी असलेलं काहीतरी लिहा.

उपयोगी लिहून बसलाच असाल तर उपाय एकच: मोठ्ठा बिघाड. एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचं भोक सापडलं. सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर कुणालाही बाहेर काढता येत होता. जगभर बोंब झाली, आणि आठवड्याभरात छोट्या देणग्यांचे सुमारे 9,000 डॉलर जमले. बिनचूक काम केलं तेव्हा वर्षाला 2,000, चूक सापडली तेव्हा आठवड्याला 9,000. हिशेब तुम्हीच करा. पुढे लिनक्स फाउंडेशनने गूगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट वगैरेंना गोळा करून अशा प्रकल्पांसाठी निधी उभारला. प्रत्येक कंपनीने वर्षाला किमान 1 लाख डॉलर, तीन वर्षं द्यायचं कबूल केलं. याच कंपन्या ते सॉफ्टवेअर आधीपासून फुकट वापरत होत्या, हे त्या प्रसंगी बोलून दाखवायचं नसतं.

आता मागायचं कसं ते पाहू. गणपतीच्या वर्गणीला येणारी पोरं या कामात तुमच्या कितीतरी पुढे आहेत. ती दारात उभी राहतात, पावतीपुस्तक उघडतात आणि शेजारच्या देशपांड्यांनी पाचशे दिले हे न विचारता सांगतात. प्रोग्रामरला यातलं काहीच जमत नाही. तो रीडमी फाइलच्या तळाशी, परवान्याच्या मजकुराखाली, “वाटल्यास मदत करा” अशी एक ओळ टाकतो आणि वाट बघत बसतो.

ती ओळ जरा वर आणून बघू म्हणाल, तर कोअर-जेएसचे डेनिस पुश्कारेव यांची गोष्ट ऐका. नव्या जावास्क्रिप्टच्या सोयी जुन्या ब्राउझरात चालवणारी त्यांची लायब्ररी जगातल्या बड्या बड्या वेबसाइटींच्या पोटात आहे. बहुतेकांकडे ती दुसऱ्याच कुठल्या पॅकेजचं बोट धरून येते, त्यामुळे नावही माहीत नसतं. पुश्कारेव यांनी ती इन्स्टॉल होताना टर्मिनलवर चार ओळी दाखवायला सुरुवात केली: आधार द्या, आणि हो, मी चांगली नोकरीही शोधतोय. यावर लोक खवळले. आमच्या टर्मिनलवर ही भीक कसली, इथपासून ते सरळ शिव्यांपर्यंत. टर्मिनलवर रोज हजारो निरर्थक ओळी धावतात, त्यांनी कुणाची झोप मोडत नाही. माणूस जेवतो असं सुचवणारी ओळ मात्र सहन होत नाही.

यापेक्षा सभ्य वाट विमची. ब्रॅम मूलेनार यांनी 1991 मध्ये हा एडिटर बाहेर काढला. तो उघडला की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, अशी विनंती दिसायची. त्यावर कुणी कधी खवळल्याचं ऐकिवात नाही. देणगी देणाऱ्याला पुढे कोणती सोय हवी यासाठी मतही देता यायचं. पैसे जायचे युगांडातल्या किबालेच्या मुलांकडे, आणि मूलेनार 2006 पासून गूगलमध्ये नोकरी करत होते. धडा सोपा आहे: दुसऱ्यासाठी मागा, लोक आनंदाने देतात. तुमच्या भाड्याचं तेवढं वेगळं बघा.

कोड ओलीस ठेवण्याचा मार्गही आहे. 2002 मध्ये ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमागची कंपनी बुडाली, तेव्हा टोन रोझेनडाल यांनी गुंतवणूकदारांशी सौदा केला: 1 लाख युरो घ्या, कोड खुला करा. ते पैसे लोकांनी सात आठवड्यांत जमवून दिले. पण यासाठी आधी बंद कोड आणि बुडालेली कंपनी लागते. तुम्ही सगळं पहिल्याच दिवशी वाटून मोकळे झालात.

राहिला मार्ग बातमीचा. वेर्नर कॉख यांनी 1997 पासून जीएनयूपीजी हे ईमेल कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर जवळजवळ एकट्याने सांभाळलं. अमेरिकी सरकारची हेरगिरी उघड करणारे एडवर्ड स्नोडेन यांनी पत्रकारांशी संपर्क साधायला तेच वापरलं. 2001 पासून कॉख यांची सरासरी कमाई वर्षाला 25,000 डॉलरच्या आसपास. फेब्रुवारी 2015 मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने ते कंगाल होत चालल्याची बातमी दिली. लगेच देणग्यांचा पूर आला, फेसबुक आणि स्ट्राइप यांनी वर्षाला प्रत्येकी 50,000 डॉलर देऊ केले. म्हणजे सतरा-अठरा वर्षं टिकून राहायचं आणि अगदी योग्य वेळी कंगाल व्हायचं. लवकर झालात तर बातमी होत नाही.

भारतातल्या विद्यार्थ्यांसाठी जादा अभ्यासक्रम आहे. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापण्याला वेगळी मंजुरी लागते; त्यात परदेशी साइटींवरच्या कितीतरी मासिक वर्गण्या अडकल्या. देणारा करसवलतीची पावती मागेल, ती तुम्हाला देता येणार नाही, कारण तुम्ही नोंदणीकृत संस्था नाही. परदेशातून पैसे आले की बँक विचारेल, कशाचे? सीएसुद्धा तेच विचारेल. भेट म्हणालात तर नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात 50,000 रुपयांच्या वर गेलेली भेट सगळीच्या सगळी करपात्र. मोबदला म्हणालात तर धंद्याचं उत्पन्न. खुशीने दिलेल्या पैशाला आयकर खात्यात रकाना नाही.

एक बरी बातमीही आहे. झेरोधा या शेअर दलाल कंपनीने ऑक्टोबर 2024 मध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी फ्लॉस/फंड सुरू केला. वर्षाला 10 लाख डॉलर, एका प्रकल्पाला 10,000 ते 1 लाख. आपल्याकडच्या कंपनीने स्वतःहून खिशात हात घातला, बिघाडाची वाट न बघता, याचं मला खरंच कौतुक आहे.

हे वाचणाऱ्यांत आयटी कंपन्यांत पगार घेणारे पुष्कळ असणार. उद्या कामावर गेलात की जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘एनपीएम फंड’ ही कमांड चालवा. तुम्ही ज्यांच्या जिवावर पगार घेता त्यांच्यापैकी कोण कोण पैसे मागतंय, त्याची यादी येते. त्यातला एक निवडा आणि मॅनेजरला विचारा, याला दरमहा काही पाठवायचं का.