ट्रॅक्टरला सोंड फुटते तेव्हा

ट्रॅक्टर हे मुळात मागच्या अंगाने काम करणारे यंत्र आहे. नांगर मागे, रोटाव्हेटर मागे, ट्रॉली मागे आणि धूळ खाणारा माणूसही मागेच. हॅरी फर्ग्युसन यांची तीन-बिंदू जोडणी १९३९ मध्ये फोर्डच्या ‘९एन’वर आली, तेव्हापासून हायड्रोलिकचा सगळा जीव पाठीतच अडकलेला. अशा यंत्राला पुढून लोडर लावायचा, तर वेल्डिंगवाल्याकडून सांगाडा करून घेतला की झाले, असा गावातला समज. सांगाडा उभा राहतो, नारळ फुटतो, बकेट मात्र जागची हलत नाही. तेल तिथवर पोचलेलेच नसते.

मागची लिफ्ट एकाच बाजूने ढकलते. अवजार तेलाने वर जाते आणि स्वतःच्या वजनाने खाली येते. लोडरला एवढ्यावर भागत नाही. बूम चढवायचा-उतरवायचा, बकेट भरायची-ओतायची. जोर दोन्हीकडून हवा. म्हणून डबल ॲक्टिंग जॅक आणि त्यांच्यासाठी दोन स्पूलचा वॉल्व्ह. त्याचा लिव्हर उजव्या हाताशी, मडगार्डजवळ बसवतात. नेमका तिथेच शेजारी बसलेल्या पाहुण्याचा गुडघा असतो, तेव्हा पाहुण्याची सोय आधीच दुसरीकडे लावावी.

बूमच्या स्पूलला ‘फ्लोट’ असावा. त्यात जॅकच्या दोन्ही बाजू टाकीला मोकळ्या होतात आणि बकेट जमिनीचे चढउतार धरत सरकते. फ्लोट नसलेला वॉल्व्ह स्वस्तात पडतो. मग गोठ्यापुढचे शेण भरताना खालचा कोबाही बकेटीत येतो.

खरी गोम तेल घ्यायचे कुठून, यात आहे. लहान ट्रॅक्टरात बहुधा गिअर पंप आणि ‘ओपन सेंटर’ पद्धत असते. इंजिन चालू आहे तोवर पंप तेल ढकलतोच, काम असो वा नसो. लोडरचा वॉल्व्ह पंप आणि मागची लिफ्ट यांच्यामध्ये बसतो आणि त्याला तीन वाटा लागतात: पंपाकडून येणारी, टाकीत परतणारी आणि लिफ्टकडे दाबासह जाणारी. या तिसरीला ‘पॉवर बियाँड’ म्हणतात. पुष्कळ जण तिला फाटा देऊन परतीची नळीच लिफ्टला जोडतात. चार दिवस चालतेही. मग लिफ्टवर जड अवजार येते, सगळा दाब उलटून परतीच्या बाजूवर बसतो आणि तो सोसायची सवय नसलेले सील जातात. म्हणून वॉल्व्ह घेतानाच पॉवर बियाँडची स्लीव्ह मागून घ्यावी. दुकानदार ‘लागत नाही’ म्हणाला, तर त्याच्याकडे ती नाही एवढाच अर्थ घ्यावा.

दाब दीडशे-दोनशे बारच्या घरात जातो, तेव्हा नळी दोन तारजाळ्यांचीच हवी. गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठ्याने पाहावी. सुईएवढ्या भोकातून सुटलेले तेल कातडीत घुसते आणि थेट ऑपरेशन करावे लागते.

नवे जॅक बरेच तेल पितात. रिकामी बकेट काही वेळा वरखाली करून हवा काढावी, जॅक मिटवून पातळी पाहावी आणि कमी पडेल तेवढे तेल भरावे. नळ्या उलट लागल्या असतील, तर लिव्हर ओढताच बूम खाली येतो. जमलेल्या प्रत्येकाला हे आधीच ठाऊक होते, असेही तेव्हाच कळते. उपाय दोन नळ्यांची अदलाबदल.

भरलेली बकेट उचलली की मागची चाके हलकी होतात, म्हणून मागे वजन बांधावे. इंजिन बंद करण्याआधी बकेट जमिनीवर टेकवावी आणि नळी सोडण्याआधी लिव्हर चारी बाजूंना हलवून दाब काढून टाकावा.