एक केळं, अकरा हात

बीडहून मांजरसुंब्याकडं निघालं की घाटाच्या अलीकडं पाली लागतं. बिंदुसरेचं धरण इथलंच. धरण भरलं की बीडकर पाणी बघायला येतात आणि आटलं की आमचे भाऊ पाहणी करायला येतात. भाऊ म्हणजे कोण, हे विचारू नका. प्रत्येक गावात एक असतो. ज्या गावात नसतो त्या गावात दोन असतात.

परवा टपरीवर भाऊंनी मला गाठलं. वाढदिवस तोंडावर आलेला, निवडणूकही. “औंदा बॅनर कमी करायलोत,” ते म्हणाले. “आरोग्याच्या लाइनीत कायतरी सामाजिक करू.”

या लाइनीत भाऊंचा अनुभव दांडगा. कोरोनात, २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता त्यांनी थाळीऐवजी पितळी परात वाजवली. परातीला आलेले पोचे वहिनी अजून पाहुण्यांना दाखवतात. मग लॉकडाउन लागला आणि गावोगावच्या वेशीवर बाभळीच्या काट्या आडव्या पडल्या. आपल्या वेशीवरची पहिली फांदी भाऊंनी स्वतः ओढली. तो व्हिडिओ तीनदा काढावा लागला, कारण पहिल्या दोन वेळा धोतरच काट्यात अडकलं. विषाणूला काटा टोचतो, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

काट्या टोचल्या त्या माणसांना. एप्रिलात सरकारनं परवानगी दिली आणि ऊसतोडीला गेलेली आपली माणसं कारखान्यांवरून परत निघाली. सहा महिने दुसऱ्याच्या फडात कोयता चालवून आलेला माणूस स्वतःच्या गावाच्या शिवारात लिंबाखाली दिवस मोजत बसला, आणि मायबाप धुऱ्यावर डबा ठेवून मागं सरले. भाऊही रोज जायचे. लांबून हात जोडायचे. नमस्कारात स्पर्श होत नाही, हा आपल्या संस्कृतीचा मोठेपणा त्यांना तेव्हाच कळला, असं ते भाषणात सांगतात.

त्या दिवसांत दारोदार हिंडणारी बाई एकच, आशाताई. पुढं १५ सप्टेंबरला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हा ताप मोजायची बंदूक आणि बोटाला लावायचा चिमटा घेऊन तीच घरोघर. दार उघडायच्या आधी लोक आतून ओरडायचे, “आमच्यात कुणाला काय न्हाई!” कोरोनाच्या कामाचा केंद्राकडून तेव्हा मिळणारा जादा भत्ता महिन्याला १००० रुपये, म्हणजे दिवसाला तेहतीस. भाऊंच्या कोविड योद्धा प्रमाणपत्राची नुसती चौकट त्याहून महाग आहे. तशी त्यांच्याकडं पाच प्रमाणपत्रं आहेत. त्यातल्या एकावर देणारा आणि घेणारा, दोन्ही सह्या त्यांच्याच.

तर आता वाढदिवस. “आनंदग्रामला जाऊ,” भाऊ म्हणाले. “केळी वाटू.”

पालीत इन्फंट इंडियाचं आनंदग्राम आहे, हे बाहेरच्यांना जास्त ठाऊक. दत्ता आणि संध्या बारगजे यांनी एचआयव्हीसह जगणाऱ्या, आईबाप गमावलेल्या लेकरांसाठी उभं केलेलं घर. साथ आल्यावर माणूस माणसाला कसा लांब लोटतो, याची शिकवणी आपल्याला कोरोनानं दिली असं आपण म्हणतो. या लेकरांना ती शिकवणी फार आधीपासून लागलेली होती, आणि मास्तर आपणच होतो.

मी म्हटलं, “भाऊ, चला की. पण फोटो काढता येणार नाही.”

भाऊंच्या हातातली बशी तशीच राहिली. “म्हंजे?”

मग मी त्यांना कायदा सांगितला. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. कुणाला हा संसर्ग आहे हे त्याच्या संमतीशिवाय चव्हाट्यावर आणायचं नाही. शाळेत, दवाखान्यात, नोकरीत भेदभाव करायचा नाही. शिवाय बाल न्याय कायदा वेगळा; अशा लेकरांची ओळख पटेल असं काही छापायला त्यातही मनाई.

“मग केळी कुणासाठी वाटायची?” भाऊंनी अगदी कळवळून विचारलं.

त्यांचंही खरं आहे. फळवाटपाचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय. पलंगावर पेशंट, पेशंटच्या हातात एक केळं आणि त्या केळ्यावर अकरा हात. बारावा हात मिळत नाही, कारण त्यानं मोबाइल धरलेला असतो. पेशंट तेवढा कॅमेऱ्याकडं बघत नाही. तो केळ्याकडं बघत असतो, सोडतात की नाही म्हणून.

“पाठमोरा काढू,” भाऊंनी तोडगा काढला. “केळी दिसली म्हंजे झालं. लेकरं न्हाई दिसली तरी चालतंय.”

मी म्हटलं, त्या लेकरांना केळ्यापेक्षा रोजच्या रोज, न चुकता गोळी लागते. ती सरकारी एआरटी केंद्रात फुकट मिळते. गोळी नेमानं चालली तर मूल तुमच्या-माझ्यासारखं वाढतं, शिकतं, म्हातारंसुद्धा होतं. बाकी त्यांना हवं ते बाजारात मिळत नाही. वर्गात शेजारच्या पोरानं बाकावर थोडं सरकून जागा दिली, तर तीही मदतच. तुमच्या नातवाला सांगता का?

भाऊंनी विषय सावित्रीबाईंकडं वळवला. दर ३ जानेवारीला ते त्यांच्यावर बोलतात. १८९७ च्या प्लेगात माउलीनं मुंढव्याचं आजारी पोर पाठीवर घालून आपल्या लेकाच्या, यशवंताच्या दवाखान्यात नेलं, तिलाच लागण झाली आणि १० मार्चला ती गेली, हे सांगताना भाऊंचा आवाज खरोखर भरून येतो.

“त्याचा फोटो हाय का हो?” त्यांनी मधेच विचारलं.

“नाही.”

“बघा!” ते म्हणाले. काय बघायचं ते मला कळलं नाही.

बराच वेळ गप्प बसले. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, “बरं, तितं गेल्यावर चहा-बिहा देतेत का ओ?”

“देतील की. पाहुण्याला कोण तसंच पाठवतं?”

“कोण आणून देतं? लेकरं?”

“देतीलही. भाऊ, हात लावल्यानं, एका कपातून प्याल्यानं, शेजारी बसून जेवल्यानं हा संसर्ग होत नाही. सरकार तीस-पस्तीस वर्षं भिंती रंगवून सांगतंय.”

“मला ठावं हाय ते. मी भाषणात सांगतो. तसलं कायच न्हाई माझ्या मनात.” भाऊ दुखावले. “फकस्त त्या दिवशी माझा उपास असतोय.”

“उपासाला चहा चालतो, भाऊ.”

भाऊंनी समोरच्या कपातला शेवटचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि उपरण्यानं तोंड पुसलं.

“मग निरजळी धरतो,” ते म्हणाले.