राहूला धड हवं

आमच्या गावाचं नाव राहू. पुण्याच्या पाहुण्याला ते सांगितलं की तो हमखास राहूकाळाचा विनोद करतो आणि आम्ही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसतो. खरं तर मुळा-मुठा आणि भीमेच्या बेचक्यातलं हे बेट, नदीपलीकडं शिरूर, अलीकडं ऊस आणि गुऱ्हाळं. राहूनं चोरून अमृत प्यायलं म्हणतात. आमच्या वाट्याला पुण्यानं वापरून सोडलेलं पाणी येतं, पण ऊस काही तोंड वाकडं करत नाही.

तर तात्यांनी आता घरातही एक राहू आणायचं मनावर घेतलंय. 24 एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरला मागं जोडायचं खोदाईचं यंत्र. जेसीबीसारखा हात, दातांची बकेट, बस. इंजिन नाही, चाकं नाहीत. नुसतं तोंड. राहू सूर्य गिळतो, पण पोटच नसल्यानं तो गळ्यातून बाहेर पडतो. बकेटचंही तेच, इकडून माती खायची, तिकडं टाकायची.

हे मुंडकं धडाला बसवायचं कसं, यावर ओट्यावर रोज संध्याकाळी बैठक असते. तात्यांचं मत थ्री पॉइंट लिंकेजला. रोटाव्हेटरसारख्या तीन पिना घातल्या की झालं, काम संपलं की काढून ठेवा. पण हॅरी फर्ग्युसनची ही जुळणी नांगरासाठी होती, आणि नांगर बिचारा मागं ओढला जातो. खोदणारा हात ढकलतो, पिळतो, उचलतो. बकेट दगडाला अडली, तर अख्खं यंत्र वर उसळून चालकाच्या पाठीवर येऊ शकतं. शिवाय सगळा ताण गिअरबॉक्सच्या बिडावर. बीड वाकून इशारा देत नाही, थेट तडकतं.

म्हणून वेल्डर म्हणतो, "तात्या, पोटाखालून सबफ्रेम घ्या. मागच्या एक्सलपासून पुढपर्यंत लोखंड. जोर सगळ्या अंगाला वाटला जातो."

"आणि पेरणीला काढायचं म्हटलं तर?"

वेल्डर गप्प. पिनांवरचं यंत्र पाहुणा असतो, सबफ्रेमवरचं घरजावई.

दुसरा वाद रक्ताचा, म्हणजे तेलाचा. ट्रॅक्टरच्याच हायड्रोलिकवर चालवलं तर खर्च कमी, पण पंप लहान, हात सुस्त. त्यात पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रोलिकला तेल एकच. खोदाईची घाण आत गेली की सगळं घर आजारी. पीटीओच्या, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्याच्या, मिनिटाला 540 फेऱ्यांवर वेगळा पंप, वेगळी टाकी, वेगळा फिल्टर लावला तर भानगड नाही. फक्त तात्या वेगळ्या चुलीच्या विरोधात आहेत. धाकट्या भावाच्या वेळीही होते.

मी मध्येच सांगून पाहिलं, की खुद्द जेसीबीनं 1953 साली तयार ट्रॅक्टरलाच मागं असा हात जोडला होता. तात्यांनी विचारलं, "पिनांवर का सबफ्रेमवर?" मी चहा आणायला उठलो.

या सगळ्यात ज्या चारीसाठी हा घाट घातला, ती राहिलीच. पाइपलाइन बांधावर उन्हात पडून. शेवटी काकूंनी परस्पर गावातला जेसीबी तासावर बोलावला आणि पाऊण तासात चारी झाली. पैसे द्यायला तात्यांना शोधलं, तर ते ट्रॅक्टरखाली उताणे, हातात उसाचं टिपरू.

"पोटाखाली बरोबर सहा कांड्या जागा आहे," आतून आवाज आला. "लिहून घे."