इतर, दशांशचिन्ह, मराठी

मेल्विल ड्यूई या अमेरिकन गृहस्थांनी १८७६ साली ग्रंथालयांसाठी जगातल्या सगळ्या ज्ञानाचे दहा वाटे केले आणि ते आकड्यांत बसवले. धर्माच्या वाट्याला २००चा शेकडा आला. त्यात २२० ते २८० हा ऐसपैस पट्टा बायबल आणि ख्रिस्ती धर्माचा. उरलेल्या जगाचे देव २९० मध्ये दाटीवाटीने. आपल्या तेहेतीस कोटींची सोय २९४.५ वर!

साहित्यात पहिला मान अर्थातच अमेरिकेचा, ८१०. मग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच अशी युरोपीय मंडळी. ज्ञानोबा-तुकोबांची मराठी ८९१.४६, म्हणजे ‘इतर’ नावाच्या चाळीत, दशांशचिन्हाच्या पलीकडची खोली. काही दारं सोडून ८९१.७ मध्ये टॉलस्टॉय राहतात, तेवढीच सोबत.

ड्यूईंचा वंशद्वेष आणि स्त्रियांशी गैरवर्तन यांमुळे २०१९ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने आपल्या पदकावरून त्यांचं नाव काढलं. फळ्यांवरचे आकडे मात्र बहुतेक जागच्या जागी. आता संगणकाला ‘अर्थ’ शिकवणाऱ्या नव्या वर्गवाऱ्या निघाल्यात. तिथेही ‘इतर’मध्ये कोण, हे वाटणारा हातच ठरवतो.

तेव्हा न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींनो, तिथल्या ग्रंथालयात मराठी पुस्तकं मागत राहा. खोली रिकामी दिसली तर तीही जाईल.