माणूस गावाचा, पगार कंपनीचा

आयटीतलं आउटसोर्सिंग बघायला हिंजवडीला कशाला जायचं? कोरेगाव तालुक्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत डोकवा. कोपऱ्यातला संगणक परिचालक अख्ख्या गावाचे जन्म, मृत्यू, घरपट्टी ऑनलाइन चढवतो. तो स्वतः कुणाचा, तेवढंच कुठे चढलेलं नाही. 2011 ला पंचायतींच्या संगणकीकरणाचा ‘संग्राम’ प्रकल्प आला, 2016 ला ‘आपले सरकार सेवा केंद्र’. पाटी बदलली, खुर्ची तीच. पंचायतीच्या निधीतून महिन्याला 12,331 रुपये परिचालक पुरवणाऱ्या कंपनीकडे जायचे, परिचालकाच्या हातात पडायचे साधारण 7,000. तेही थकून थकून. मधल्या पैशांत कागद, टोनर वगैरे यायचं म्हणे. आमचा घेवड्याचा अडत्या निदान समोर बसून तोलतो! सर्व्हर झोपला की उताऱ्याला आलेल्या आजी शिव्या घालतात त्या परिचालकालाच; कंपनी त्यांना दिसणार कुठे? मानधनासाठी ही मंडळी आझाद मैदानावर बसली की सरकारच्या लेखी ती कंपनीची. गावात मात्र सरकारची. कामाला दोन मालक, पगाराला एकही नाही. पुढच्या ग्रामसभेत गटारीचा विषय संपला की एवढं विचाराच: आपल्या परिचालकाचे पैसे शेवटचे कधी झाले?