दाराचे हँडल : दुरुस्ती, बदल आणि वडील

सदर मार्गदर्शिका जर्मनीत भाड्याच्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी असून ती मुख्यत्वे आतल्या खोल्यांच्या दारांना लागू आहे. ज्यांच्या घरी पुण्याहून निवृत्त वडील नव्वद दिवसांच्या व्हिसावर आले आहेत, त्यांनी ती आधी पूर्ण वाचावी आणि मगच वडिलांच्या हाती स्क्रू ड्रायव्हर द्यावा. स्क्रू ड्रायव्हर त्यांनी बॅगेतून स्वतःच आणला असेल, तर सरळ कलम ३ पासून सुरुवात करावी. पहिल्या दोन कलमांची वेळ निघून गेलेली आहे.

कलम १ : निदान

हँडलचे विकार चार. ते ढिलं होतं, लोंबतं, हातात येतं, किंवा दार लागतच नाही आणि आळ हँडलवर येतो. लोंबत असेल तर आतली स्प्रिंग थकली आहे असं समजावं. ही स्प्रिंग कधी हँडलच्या बुडाशी असते, कधी कुलपाच्या पेटीत. कुठली गेली ते ओळखण्यासाठी हँडल काढून आतली चौकोनी दांडी नुसती फिरवावी. ती झटक्याने जागेवर आली तर कुलूप निर्दोष आहे.

दार लागत नसेल तर बहुतेक वेळा ते बिजागरीवर उतरलेलं असतं आणि कुलपाची जीभ चौकटीवरच्या पट्टीच्या खाचेत जायच्या ऐवजी खाली टेकते. नेमकी कुठे टेकते ते पाहायला टूल रूममध्ये प्रशियन ब्लू लावतात. आमच्याकडे आईचं कुंकू लावलं. जिभेला बोटभर कुंकू, दार एकदा लोटायचं, की पट्टीवर खूण उमटते. तेवढाच भाग कानशीने घासायचा. पद्धत अचूक आहे. फक्त दार पांढरं असेल तर कुंकू लगेच पुसावं. घर सोडताना या डागाचं स्पष्टीकरण जर्मनमध्ये देणं कठीण जातं.

माझ्या बाबांचं आयुष्य पिंपरीच्या एका कारखान्यात टूल रूममध्ये गेलं. त्यामुळे ते दार उघडत नाहीत, तपासतात. आल्या दिवशी जेट लॅग वगैरे काही न पाळता पहाटे त्यांनी घरातली सगळी दारं पाहून घेतली आणि मी उठल्यावर अहवाल दिला : "बाथरूमच्या हँडलला प्ले आहे." प्रवास कसा झाला, हे मला दुपारी आईकडून कळलं.

कलम २ : रचना

हँडल म्हणजे दाराच्या दोन बाजूंचे दोन भाग. एकाला चौकोनी दांडी पक्की बसवलेली असते, ती कुलपातून आरपार जाते आणि दुसरा भाग तिच्यावर चढतो. त्या दुसऱ्या भागाच्या मानेखाली, वाकून पाहिल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, एक इवलासा ग्रब स्क्रू असतो. सगळा संसार त्याच्यावर. तो सैल झाला की हँडल आधी हलतं, मग सरकतं आणि एक दिवस पाहुण्यांच्या हातात राहतं. उपाय : हँडल दाराकडे दाबून धरावं आणि ॲलन कीने स्क्रू आवळावा. बहुधा तीन मिलिमीटरची लागते. तिला इथे इनबुस म्हणतात. 1936 मध्ये नॉयस गावच्या बाउअर उंड शाउर्टे कंपनीने पेटंट घेतलं, तेव्हापासून. पुन्हा सैल होत असेल तर आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब टाकावा. झालं. एवढंच काम आहे. बाकीची सगळी मार्गदर्शिका हे काम करू न देणाऱ्या गोष्टींविषयी आहे.

जाता जाता : बाथरूमचं हँडल ढिलं असेल तर आत एक पक्कड ठेवावी. बाहेरचा भाग दांडीसकट बाहेर पडला तर आतल्या माणसाकडे चौकोनी भोक उरतं आणि वाट पाहणं.

कलम ३ : एम-सील

नाही.

कलम ४ : कायदा

"बाबा, हे घर आपलं नाही."

"दार तर आपल्यालाच उघडायचंय ना?"

या प्रश्नाचं उत्तर जर्मन कायद्याने बारकाईने दिलेलं आहे. इथल्या भाडेकरारात क्लाइनरेपाराटूर नावाचं कलम सहसा असतं. किरकोळ दुरुस्तीचा खर्च भाडेकरूने द्यावा, असं ते म्हणतं. पण ज्या वस्तूंना त्याचा हात सतत लागतो तेवढ्यांचाच. नळ, दिव्यांची बटणं, खिडक्यांच्या खिट्ट्या, दारांची हँडलं. भिंतीतली वायर बिघडली तर ती मालकाची, कारण तिला आपण रोज हात लावत नाही. कार्ल्सरूहच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये यात अट घातली की एका दुरुस्तीची कमाल रक्कम आणि वर्षभराची मर्यादा, दोन्ही करारात हव्यात, नाहीतर कलमच रद्द. हल्ली एका दुरुस्तीला शंभर युरोच्या आसपास आणि वर्षाला भाड्याच्या सहा ते आठ टक्के, इतकं न्यायालयं चालवून घेतात.

आता मेख. बिल मर्यादेच्या आत असेल तर सगळं भाडेकरूच्या अंगावर. मर्यादेच्या थोडंही वर गेलं तर सगळंच मालकाच्या. वरचा फरक तेवढा नव्हे, पूर्ण बिल. कारागिराचं येण्याजाण्याचं भाडं आणि तासाचा दर धरला तर वीस युरोच्या हँडलचं बिल मर्यादा ओलांडायला फार वेळ लागत नाही.

बाबांनी हे दोनदा समजावून घेतलं. "म्हणजे स्वस्तात काम झालं तर आपल्याला महाग, आणि महागात झालं तर फुकट?"

"हो."

"मग तुमच्याकडे चांगला मिस्त्री तो, जो महाग."

मला यात कायदेशीर चूक सापडली नाही.

आणखी एक तरतूद वडिलांपासून लपवून ठेवावी. हे कलम भाडेकरूला पैसे द्यायला लावू शकतं, काम करायला लावू शकत नाही. दुरुस्ती करणं ही मालकाची जबाबदारी राहते. आपलं कर्तव्य दोष दिसताक्षणी त्याला कळवणं. बाबांना यात आपल्या हातातलं काम काढून घेण्याचा सरकारी डाव दिसला. कळवण्याचं कर्तव्य मात्र त्यांनी मनावर घेतलं. मी घरमालकांना दोन ओळींची ईमेल लिहीत होते, तर ते म्हणाले, "नुसत्या शब्दांनी काय कळणार त्यांना?" आणि माझ्या मुलीच्या शाळेच्या चौकटीच्या वहीचं पान फाडून त्यांनी हँडलचं ड्रॉइंग काढलं. तीन दृश्यं, फर्स्ट अँगल प्रोजेक्शन, मापं मिलिमीटरमध्ये, झिजलेल्या जागेला बाण. उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक. तो फोटो ईमेलला जोडल्याशिवाय त्यांनी मला जेवायला उठू दिलं नाही.

कलम ५ : मोजमाप आणि खरेदी

पुण्यात मोडकं हँडल रुमालात गुंडाळून रविवार पेठेत बोहरी आळीला न्यावं, दुकानदाराने ते न बघितल्यासारखं बघावं आणि माळ्यावरच्या पोऱ्याला काहीतरी ओरडून सांगावं, की जोडी खाली येते. जर्मनीत बाउमार्क्टमध्ये हँडलांची भिंत असते आणि भिंतीपुढे आपण. विचारायला माणूस आहे, पण तो आपल्याला पाहून दुसऱ्या रांगेत वळलेला असतो. म्हणून मापं घरूनच घेऊन जावीत.

दांडी : आतल्या दारांना 8 मिलिमीटर, आग रोखणाऱ्या दारांना 9, इमारतीच्या जड मुख्य दारांना बऱ्याचदा 10. हँडलच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर : खोल्यांना 72, बाथरूमला 78, बाहेरच्या दाराला बहुधा 92. हँडल आणि भोक एकाच लांब पट्टीवर असेल तर या अंतरात एका मिलिमीटरचीही सूट नाही. दोन्हीला वेगवेगळ्या चकत्या असतील तर जीव एवढा टांगणीला लागत नाही. दाराची जाडी साधारण चाळीसच्या आसपास भरते, तरी मोजावी. दार डावं की उजवं हेही पाहावं : बिजागऱ्या दिसतात त्या बाजूला उभं राहावं, त्या डाव्या हाताला असतील तर दार डावं.

बाबा मापं व्हर्नियरने घेतात. व्हर्नियर त्यांच्या सामानात होता, बेसनाच्या लाडवांच्या डब्याशेजारी, लाडवांपेक्षा जास्त कपड्यांत गुंडाळलेला. दांडी बरोबर 8.00 भरली. त्यांनी आणखी दोन दारांच्या मोजल्या. त्याही 8.00. मग सोफ्यावर जाऊन बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आयुष्यभर ज्या अचूकतेसाठी पोरांना ओरडले ती इथे संडासाच्या दाराला होती.

जुनं हँडल टाकू नये. स्वतःच्या आवडीने नवं बसवलं असेल तर घर सोडताना मूळचं परत लावून मागतात. स्क्रूंसकट पिशवीत घालून वर खोलीचं नाव लिहावं. आमच्याकडे यासाठी श्रीखंडाचा डबा आहे.

कलम ६ : रविवार

ड्रिल नाही, हातोडा नाही, बाउमार्क्टही बंद. हँडल रविवारी निखळलं तर ते धर्मानेच निखळलं असं समजून दार उघडं ठेवावं.

कलम ७ : सौंदर्यदृष्टी

हा देश हँडलला वस्तू मानत नाही, विचार मानतो. वाल्टर ग्रोपिउसने 1922 च्या सुमारास एक चौकोनी सळई काटकोनात वळवून तिला गोल दांडा जोडला, आणि लोक आजही त्या आकाराची हँडलं दाम मोजून घेतात. ती बर्लिनच्या लोएव्ही ओतशाळेत तयार झाली. 1916 मध्ये जर्मन संसदेच्या दर्शनी भागावर बसवलेली, 'जर्मन जनतेस' अशी अर्पण करणारी अक्षरं याच ओतशाळेची. लोएव्ही कुटुंब ज्यू होतं. पुढे त्याच देशाने त्यांचं काय केलं, ते हँडलच्या मार्गदर्शिकेत लिहायला हात धजत नाही.

1986 मध्ये ब्राकेल नावाच्या छोट्या गावातल्या एफएसबी या हँडल कंपनीने डीटर राम्स, मारिओ बोटा अशा नामवंतांना बोलावून फक्त हँडलवर कार्यशाळा घेतली. त्याच सुमारास तिथे उल्मच्या ओट्ल आइशरने, म्युनिक ऑलिंपिकची चित्रचिन्हं करणाऱ्याने, पकडीचे चार नियम मांडले : अंगठ्याला अडायला जागा हवी, तर्जनीला टेकायला खळगा हवा, तळव्याला आधार हवा, आणि मुठीत भरेल इतका ऐवज हवा.

मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग तुमच्या स्वयंपाकघराचं हँडल यांना दाखवलं नाही का कुणी? अंगठा कुठे ठेवायचा त्याच्यावर?" मी जाऊन पाहिलं. अंगठ्याला खरंच जागा नाही. इतकी वर्षं मी ते दार कोपराने उघडत आले आहे आणि कारण माझ्या हातातल्या भांड्यांना देत आले आहे.

कलम ८ : बाहेरचे दार

घराच्या मुख्य दाराला हात लावू नये, आणि हात लावल्याशिवाय बाहेर जाऊ नये. हे सविस्तर सांगते. या दाराला बाहेरून हँडल नसतं, एक न फिरणारी मूठ असते. वाऱ्याने किंवा सवयीने दार ओढलं गेलं की किल्लीशिवाय आपण कचऱ्याची पिशवी आणि घरातल्या सपाता यांसह जिन्यात. अशा वेळी फोनवर पहिला सापडेल त्या कुलूपवाल्याला बोलावू नये. जवळचा शोधावा, एकूण रक्कम आधी ठरवून घ्यावी आणि दार नुसतं ओढलं गेलंय, किल्लीने लावलेलं नाही, हे ठासून सांगावं. असं दार जाणकार माणूस कुलूप न फोडता काही मिनिटांत उघडतो. बाहेर अडकलेल्याची नड पाहून अवाच्या सवा पैसे उकळणं ही गुन्ह्यात मोडणारी नफेखोरी ठरू शकते, असं कार्ल्सरूहनेच 2020 मध्ये म्हटलं आहे. तरी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एक किल्ली शेजारच्या आजींकडे ठेवणं.

आणि घर विकत घेतलं की हे दार आपलं होईल, या भ्रमात राहू नये. इमारतीतल्या फ्लॅटचं प्रवेशद्वार सगळ्या सदनिकाधारकांचं सामाईक असतं, हा 2013 चा निकाल. कर्जाचे हप्ते मात्र सामाईक नसतात.

कलम ९ : वंगण

जिभेला किंचित ग्रीस, किल्लीच्या भोकात ग्रॅफाइट. खोबरेल नको. ते चोवीस अंशांखाली थिजतं, आणि आपल्या जिन्यातल्या दाराला जानेवारीत चोवीस अंश कोण देणार? बाबांनी घातलं होतं ते जून महिन्यात, तेव्हा दार असं लोण्यासारखं चाललं की मी त्यांचं कौतुक केलं. मुक्काम संपवून ते गेल्यावर हिवाळ्यात पोटमाळ्याचं दार अडलं तेव्हा मी चिडून फोन केला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं : "हेअर ड्रायर लाव." दार उघडलं. जिन्यात नारळाचा वास सुटला. थोडा वेळ मी तिथेच पायरीवर बसले, पण ते या कलमाच्या कक्षेत येत नाही.

कलम १० : मदतनिसाची कर्तव्ये

दुरुस्ती करणारा एक आणि बॅटरी धरणारा एक, अशी दोन माणसं लागतात. बॅटरी धरणाऱ्याने बोलू नये, हलू नये, सावली पाडू नये आणि काम करणारा जिथे बघत असेल तिथे नव्हे, तर तो पुढच्या क्षणी जिथे बघणार असेल तिथे उजेड पाडावा. हे ज्ञान मुलांना उपजत असावं अशी सर्व मराठी वडिलांची अपेक्षा असते.

जर्मन वडिलांची वेगळी असेल असं मला वाटत असे. पण त्या ईमेलला उत्तर म्हणून शनिवारी घरमालक स्वतःच आले. हातात ड्रॉइंगची छापील प्रत. तेही निवृत्त, तेही यंत्रशाळेतले. फर्स्ट अँगल इथेही तेच, त्यामुळे दुभाष्याची गरज पडली नाही. त्यांनी बाबांच्या एका मापावर बोट ठेवलं आणि खिशातून आपला व्हर्नियर काढला. बाबांनी आपला काढला. दोघं बाथरूमच्या दारापाशी गुडघ्यांवर बसले. मी चहाचं विचारलं, कुणी ऐकलं नाही. मग हँडलच्या मानेखाली अंधार आहे असं दोघांच्या एकदम लक्षात आलं आणि दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलची बॅटरी लावून धरली.

"अगं, इकडे नाही, इकडे!" बाबा म्हणाले. घरमालकही काहीतरी म्हणाले, श्वाबेन भागातल्या बोलीत, आणि ती मला अजून नीट येत नाही. पण सूर ओळखीचा होता, म्हणून मी बॅटरी थोडी डावीकडे घेतली, आणि दोघंही एकदम ओरडले.